जुन्या मत्स्यपेटीची नवी बांधणी

रविवारी सकाळी उत्तर कोलकात्यातील गॅलिफ स्ट्रीटवर एकदा तरी फेरी मारावी. बागबाजारच्या कालव्याकाठी भरणाऱ्या या बाजारात पक्षी, फुलझाडांची रोपे आणि पाण्याने फुगलेल्या पिशव्यांतून चमकणारे मासे यांची एकच दाटी असते. जवळच ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने १७४२ साली शहराभोवती जो खंदक खणावयास घेतला, आणि जो कधी पुरा झालाच नाही, त्याची ही खूण. आज तेथे मराठी माणूस गेला तर कोणी दचकत नाही. मासेवाला त्याला ‘दादा’ म्हणून जवळच बोलावतो.

मासे स्वस्त मिळतात; महाग पडते ती मोठी काचपेटी. म्हणून घर बदलणाऱ्या एखाद्या बिऱ्हाडाकडून चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी वापरलेली पेटी अल्प किमतीत मिळाली, तर गृहस्थाला मोह होणे साहजिक आहे. वाचकहो, हा मोह मुळीच वाईट नाही. मात्र अशी पेटी घरी आणून, पुसून, थेट पाण्याने भरू नये. तिची काच पुष्कळ वर्षे टिकते, परंतु सांध्यांचे तसे नसते.

पूर्वीच्या पेट्या लोखंडी चौकटीत काचा बसवून, फटींत लांबी भरून करीत. सिलिकॉन आल्यापासून चौकट गेली आणि काचेला काच चिकटू लागली. म्हणजे सगळा भार आता त्या बोटभरही जाड नसलेल्या सांध्यावर आहे. हा भार किती? वर सांगितलेल्या पेटीत काठोकाठ सुमारे २५५ लिटर पाणी मावते, आणि समोरची एक काच बाहेर ढकलणारा रेटा सव्वाशे किलो वजनाइतका होतो. हा रेटा पाण्याची खोली आणि काचेची लांबी यांवर ठरतो; पेटी रुंद की अरुंद, याच्याशी त्याचा संबंध नाही. दीड फुटाऐवजी तीन फूट खोली केली तर तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. उंच पेटीचा हव्यास म्हणूनच महागात पडतो.

आता गळणाऱ्या सांध्यावर नव्या सिलिकॉनचा लेप द्यावा, असा सोपा विचार कोणाच्याही मनात येईल. तो सोडून द्यावा. जुन्या, सुकलेल्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन नीट धरत नाही. आठ दिवस बरे चालते आणि नवव्या दिवशी जमिनीवर ओल दिसते. पेटी पूर्ण सोडवावी, हाच खरा उपाय. पातळ पात्याने सांधे कापीत जावे. घाई केली तर काच कोपऱ्यावर टवका टाकते. काचांना क्रमांक द्यावेत. काठाला तडा असलेली काच निःसंकोच टाकून द्यावी. आतल्या बाजूचे बारीक ओरखडे मात्र पाणी भरल्यावर फारसे दिसत नाहीत. पांढरे डाग क्षाराचे असतात, ते व्हिनेगरने निघतात. साबण मुळीच लावू नये. जुन्या सिलिकॉनचा शेवटचा कणही खरवडून, काठ स्पिरिटने पुसून, मग त्याला बोट लावू नये.

सिलिकॉन घेताना बुरशीनाशक घातलेले, न्हाणीघरासाठीचे घेऊ नये. ते माशांना घातक ठरते. तळाची काच सपाट मांडून मागची, बाजूच्या आणि शेवटी समोरची काच बसवावी. काच इतकी दाबू नये की सांध्यातले सिलिकॉन सगळे बाहेर येईल. मध्ये पातळ थर राहिलाच पाहिजे. वरची आडवी काचपट्टी शोभेची समजून वगळू नये. तीच लांब काचांना फुगू देत नाही. सिलिकॉन हवेतील दमटपणा शोषून घट्ट होते. कोलकात्याची हवा एरवी जीव नकोसा करते, या एका कामी ती उपयोगी पडते! तरीही आठवडाभर पेटीला हात लावू नये. व्हिनेगरसारखा वास संपूर्ण जाऊ द्यावा.

पेटी ठेवावयाची कोठे? पाणी, काच आणि वाळू मिळून साडेतीनशे किलोच्या घरात वजन जाते. उत्तर कोलकात्यातील जुन्या घरांचे मजले लाकडी तुळयांवर उभे आहेत. तेथे पेटी भार पेलणाऱ्या भिंतीलगत, शक्यतो दोन-तीन तुळयांवर आडवी येईल अशी ठेवावी. तुळई कुजलेली असेल तर तळमजलाच बरा. खालच्या बिऱ्हाडात मुले झोपलेली असतात, याचे भान ठेवून प्रथम अंगणात किंवा न्हाणीघरात पाणी भरावे. आज पाव, उद्या अर्धे, परवा पूर्ण. प्रत्येक वेळी सांध्यांवरून कोरडा कागद फिरवावा. पेटीखाली थर्मोकोलचा तक्ता घालावा, म्हणजे फळीचा उंचसखलपणा काचेला बाधत नाही.

गॅलिफ स्ट्रीटपासून जवळच टाला येथे शहराची पाण्याची प्रचंड टाकी आहे. १९११ साली पुऱ्या झालेल्या या लोखंडी टाकीत ९० लाख गॅलन पाणी ११० फूट उंचीवर राहते. ती बांधणारांनी आत चार कप्पे केले, म्हणजे एक रिकामा करून दुरुस्त करता यावा आणि शहर तहानलेले राहू नये. आपल्या पेटीला अशी सोय नाही. मासे आत असताना ती गळू लागली तर बादल्या गोळा करीत धावावे लागते. म्हणून परीक्षा आधीच घ्यावयाची.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना सोसत नाही. ते घालविणारे औषध मासेवाल्याकडे मिळते. त्याहून मोठी अडचण न दिसणारी आहे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचे नायट्राइटमध्ये आणि पुढे कमी अपायकारक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू नव्या पेटीत वसावयास चार ते सहा आठवडे घेतात. ओळखीच्या घरातील निरोगी पेटीतल्या गाळणीचा थोडा स्पंज मागून आणला तर हा काळ कमी होतो. मुले रोज विचारतील, मासे कधी आणावयाचे? त्यांना वनस्पती लावावयास द्याव्यात.

मग एखाद्या रविवारी गॅलिफ स्ट्रीटवरून पाच-सहाच गप्पी आणावेत. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवावी, थोडे थोडे पेटीतले पाणी तिच्यात मिसळावे, आणि मासे जाळीने अलगद पेटीत सोडावेत. पिशवीतले पाणी बाहेर ओतून टाकावे.