भामरागडच्या पायवाटा

शहरात आधी रस्ता होतो, मग जमलं तर पायी चालणाऱ्यांसाठी कडेला पट्टी सुटते. विदर्भातल्या भामरागड तालुक्यात क्रम उलटा आहे. वाट आधीपासून असते, रस्ता झालाच तर मागाहून येतो. पण या वाटा एकाच जातीच्या नाहीत.

जंगलातली पायवाट

माडिया आदिवासींची गावं-टोले लहान आणि विखुरलेले. त्यांना जोडणारी वाट एका माणसापुरती, त्यामुळे चालणं एकामागे एक. ओझंही त्याच बेतानं न्यायचं. रोग्याची खाट बांबूला टांगतात, एक खांदा पुढे, एक मागे. चौघांनी चार कोपरे धरले तर अर्धे जण झुडपात जातील. पावसाळ्यात गवत माजून वाट बुजते आणि पुढे पायांनीच पुन्हा मळते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांसाठी आणि मे महिन्यात तेंदूपानांसाठी आडवाटाही जाग्या होतात. नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगांच्या भीतीमुळे या भागात पोलिसांनीही वर्षानुवर्षं गाडीपेक्षा पायी जाणंच पसंत केलं.

जाळरेषा

वणवा पुढे सरकू नये म्हणून वनखातं उन्हाळ्याआधी पालापाचोळा जाळून पट्टे मोकळे करतं. ते सरळ आणि रुंद असल्यानं लोक त्यांवरूनही चालतात. मात्र ती खात्याच्या सोयीची रेघ असते, ती गावाला जाईलच असं नाही.

नाला आडवा आला की

खरी अडचण इथे आहे. दहा किलोमीटरची वाट उत्तम असली तरी मधला एक नाला तिला चार महिने बंद पाडू शकतो. उथळ पाण्यात दगडावरून दगडावर पाय टाकत जायचं, अरुंद ओढ्यावर ओंडका आडवा घालायचा, जरा मोठ्या नाल्यावर गावकऱ्यांनी बांबू-बल्ल्यांचा पूल बांधायचा, तोही पुरात जाण्याची शक्यता धरूनच. नदीवर एकाच खोडाचा कोरलेला डोंगा. रपटा हा सरकारी उपाय: पाणी कमी असेल तोवर पूल, वाढलं की नदीचाच भाग. आलापल्लीहून येणारा डांबरी रस्ताही यातून सुटलेला नाही. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामध्ये पर्लकोटा नदी आहे. तिच्यावरचा जुना ठेंगणा पूल पुराखाली गेला की तालुक्याचं गावच तुटतं. 2019 च्या पावसाळ्यात हे वारंवार घडलं. म्हणून मला वाटतं, इथल्या वाटेची प्रत तिच्या रुंदीवरून ठरवू नये, ती वर्षातले किती महिने ओलांडता येते ते पाहावं.

दप्तरातली वाट

महसुली हिशेबात पायमार्ग सव्वाआठ फुटांचा, गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 165 प्रमाणे गावाच्या वहिवाटीचे हक्क वाजिब-उल-अर्ज या गावाच्या हक्कनोंदीत नोंदवले जातात, त्यात जाण्यायेण्याचा हक्कही येतो. शेतातली वहिवाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. विदर्भातल्या पांदणींचे, म्हणजे शेतवाटांचे, बरेचसे तंटे असेच चालतात.

फुटपाथ

इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मोठ्या शहरांतही हे क्वचितच दिसतं, त्यामुळे भामरागडच्या बाजारपेठेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

एका हेक्टरचं गणित

वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीनं रस्त्यासारख्या कामासाठी वनजमीन मिळू शकते. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. पाच मीटर रुंद रस्ता धरला तर एक हेक्टर दोन किलोमीटरमध्येच संपतो. एक मीटरची पक्की पायवाट मात्र त्याच जमिनीत दहा किलोमीटरच्या आसपास पोचते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आदिवासी भागासाठी लोकसंख्येची अट आधी 250 होती, पुढे अतिनक्षलग्रस्त तालुक्यांसाठी ती 100 वर आली. वीस-पंचवीस घरांचा टोला तिथेही काठावरच राहतो. अशा टोल्याच्या ग्रामसभेनं पायवाटेचा ठराव करताना नाल्यांवरचे साकव त्यातच नावानिशी घालून घ्यावेत, नाहीतर मंजुरी फक्त कोरड्या भागाला मिळते.