हलक्या मोटारीचे टायर व त्यांतील हवा

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी धांव चढवितात, तिच्यांत निवड ती काय असणार? गाडी रिकामी असो वा भरलेली, धांव आपली तशीच. मोटारीच्या टायराची गोष्ट निराळी आहे. इ. स. १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यानें हवेच्या टायराचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून गाडीचा भार रबरापेक्षां आंतील हवाच अधिक उचलते. एवढें तत्त्व ध्यानांत धरलें, म्हणजे हलक्या मोटारीस टायर कोणता व हवा किती, हा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

हा प्रश्न आपल्या उपनगरांस परका नाहीं. विद्याविहारच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचें ओरायन रेसिंग व पवईच्या आय. आय. टी. चें रेसिंग पथक येथील विद्यार्थी एकट्या चालकाची स्पर्धेची मोटार स्वतः आंखून व जुळवून तयार करीत आले आहेत. आमच्या वाचकांपैकीं कोणी उद्यां तेथें हातांत पाना धरील. त्यानें आजच हा हिशेब करून पाहावा.

अशी गाडी २२० किलो व चालक ७० किलो धरला, तर एकेका चाकावर सुमारें ७२ किलो, म्हणजे १६० पौंड भार येतो. नेहमींची लहान मोटार माणसांसह हजार किलो धरल्यास तिच्या चाकावर ५५० पौंड पडतील. आतां दोन्ही गाड्यांत ३० पौंड हवा भरूं, म्हणजे दर चौरस इंचास ३० पौंड दाब. भारास दाबानें भागलें कीं रस्त्यास टेकणारा भाग निघतो: मोठीचा अठरा चौरस इंच, हलकीचा जेमतेम पांच! दोन आगपेट्या शेजारीं मांडल्या तर तेवढी जागा व्यापतील. त्यांतही टायर फुगून मधोमध टेकतो, कडा अधांतरीं राहतात, रबर तापत नाहीं आणि वळणावर गाडी घसरते. तीच हवा १२ पौंडांवर आणली, तर टेकणारा भाग तेरा चौरस इंच होतो. (टायराच्या भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून हा हिशेब ढोबळ समजावा.) अशा गाड्यांत दहा ते चौदा पौंड हवा असते, तें यामुळेंच. पण फारच कमी केली, तर वळणावर टायराची भिंत दुमडते व तो रिमवरून सुटूं पाहतो.

जाड व रुंद टायर दिसावयास भारदस्त, हें खरें. परंतु जड गाडीसाठीं केलेलें कठीण रबर हलक्या भारानें ऊन होत नाहीं, आणि न तापलेलें रबर रस्ता धरीत नाहीं. येथें मऊ रबराचा, हलक्या बांध्याचा टायरच घ्यावा. तो लवकर झिजला तरी चालेल.

पावसाची गोष्ट मात्र गंभीर आहे. ज्या वेगास टायर पाण्यावर तरंगूं लागतो, तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून १२ पौंडांचा टायर ३० पौंडांच्या टायराच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी वेगांत तरंगेल, आणि मग सुकाणूं फिरविलें तरी गाडी वळणार नाहीं. कोरड्या दिवसाचा गुळगुळीत टायर आपल्या जुलैच्या सरींत घालणें म्हणजे चालकाचा जीव टांगणीस लावणें होय. या स्पर्धांच्या नियमांतही पावसाळी टायरावर निदान २·४ मिलिमीटर खोल खांचा असाव्या लागतात. स्पर्धेपूर्वीच्या सरावांतही आम्ही हीच मर्यादा पाळूं.

हवा मोजावी ती गाडी चालविण्यापूर्वीं, सावलींत. दर दहा अंश सेल्सियसला दाब सुमारें एक पौंड चढतो. तीसांत तो एक पौंड कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं, पण बारांत तो बारावा हिस्सा ठरतो. तेव्हां पेट्रोलपंपावरील मोठ्या मापकावर विसंबूं नये. अर्ध्या-अर्ध्या पौंडाच्या खुणा असलेला बारीक मापक जवळ असावा.

शेवटीं खडूची परीक्षा. टायरावर आडवी जाड रेघ ओढावी व गाडी थोडें अंतर सरळ न्यावी. रेघ मध्यभागीं आधीं पुसली, तर हवा जास्त. कडांस पुसली, तर कमी. मग टायराच्या खांद्यावरून भिंतीपर्यंत खडूच्या खुणा करून वळणें घ्यावींत. टायर कोठवर कलंडला, तें पुसल्या खुणांवरून कळतें. एका वेळीं अर्धाच पौंड बदलावा आणि प्रत्येक आंकडा वहींत टिपून ठेवावा.