बिनब्रेकची फटफटी

उज्जैनीतील जुन्या मराठी वाड्यांच्या देवडीत एके काळी घोडा बांधला जाई. पुढे त्या जागी सायकल आली, आणि १९६० नंतर काही भाग्यवान घरांतून ‘जावा’ फटफटी उभी राहिली. ज्या दांडीने किक मारावयाची तिनेच गिअर बदलावयाचा, ही तिची खुबी आळीतील मुले डोळे विस्फारून पाहत. या फटफटीच्या घराण्यात धुळीच्या रिंगणातील एक पराक्रमी शाखा होती, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

धुळीच्या रिंगणातील ही शर्यत १९२३ साली ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड गावी नावारूपास आली, आणि १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळ हाय बीच येथे इंग्रजांनी ती पाहिली. चार स्वार, चार फेऱ्या, आणि वाहनाला ब्रेक मुळीच नाही! पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचा त्याच्यावर आदळेल, म्हणून ही योजना. गिअर एकच आणि इंधन मेथॅनॉल. डावीकडे वळताना स्वार मागचे चाक मुद्दाम घसरवतो, पुढचे चाक उजवीकडे वळवतो आणि पोलादी तळ जडवलेला डावा पाय जमिनीला टेकवतो. वेग आवरतो तो या घसरणीनेच. चुकला तो कुंपणावर गेला.

या खेळात अनेक वर्षे इंग्लंडच्या ‘जॅप’ इंजिनाचे राज्य होते. त्याला आव्हान दिले चेकोस्लोव्हाकियातील यारोस्लाव सिमांडल या शर्यतपटूने. १९४९ साली दिविशोव्ह या लहानशा गावी त्याने ‘एसो’ नावाचा कारखाना काढला. चेक भाषेत एसो म्हणजे पत्त्यातील एक्का! १९६४ साली हा कारखाना जावात विलीन झाला. न्यूझीलंडच्या आयव्हन मॉगरने १९६८ पासून सलग तीन वर्षे जगज्जेतेपद जिंकले. त्यातील तिसरे पद पोलंडमधील व्रोत्स्लाव येथे ज्या जावावर मिळाले, तिला दोन अमेरिकन चाहत्यांनी सोन्याचा मुलामा चढवला.

आपल्या देवडीतील जावा ती नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रिंगणातील गाडी चार-स्ट्रोकची, ५०० सीसीची. आपली दोन-स्ट्रोकची, २५० सीसीची. आडनाव एक, शाखा दोन. आपली शाखा रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला आणली. १९७३ पासून तिला ‘येझदी’ हे नाव मिळाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. पण २०१८ साली जावा पुन्हा रस्त्यावर आली ती आपल्याच माळव्यातील पीथमपूरच्या कारखान्यातून. पाहुणी म्हणून आलेली लेक व्हावी, तसे हे झाले.

आता वाडे पडत आहेत, मुले पुण्यास नाहीतर परदेशी आहेत, आणि देवडीतील फटफटी भंगारवाल्याला किलोच्या भावाने जात आहे. ज्यांच्या घरी ती अजून असेल, त्यांनी निदान तिचे कागदपत्र जपून ठेवावेत, अधूनमधून किक मारून इंजिन फिरते ठेवावे. आणि विकावयाचीच झाली तर आधी घरातील वडीलधाऱ्यांना एकवार तिच्याजवळ नेऊन उभे करावे. टाकीवरची धूळ पुसताना त्यांना जे आठवेल, त्याचा भाव कोणत्याही तराजूत होत नाही.