रॅम्पची उंची आणि रॅम्पचा बाक

रॅम्प म्हटले की आपल्यासारख्यांना इस्पितळाच्या दारातली उतरण आठवते, नाहीतर फॅशन शो. स्केटबोर्डवाल्या पोरांचा रॅम्प या दोन्हींहून निराळा. धाकट्या बहिणीने मला विचारले, "भाईजान, मुलगा स्केटबोर्ड मागतोय. रॅम्पवर जाऊ देऊ का?" मी कवी माणूस, हाडामांसाच्या हिशेबातला नव्हे; पण काळजी खरी होती, म्हणून जरा खोलात शिरलो. 'रॅम्पवर' एवढ्याने भागत नाही, कोणत्या रॅम्पवर ते सांगावे लागते.

सगळ्यात फसवा रॅम्प सगळ्यात छोटा असतो. दोन विटा आणि त्यांवर तिरपी टेकवलेली प्लायवूडची फळी. हा झाला किकर. उंची जेमतेम फूटभर, पण त्याचे कामच मुलाला हवेत उडवण्याचे. आणि पलीकडे उतरायला उतार नाही, सपाट डांबर आहे. ज्याला बोर्डवर नीट उभे राहता येत नाही त्याच्यासाठी तो नव्हे. नवशिक्याने जावे ते बँकवर, म्हणजे साध्या सरळ उतारावर. थोडे वर जायचे, वळायचे, खाली यायचे.

त्यापुढचा क्वार्टर पाइप. नळाचा उभा चौथा हिस्सा कापून ठेवावा तसा बाकदार. इथे पालक उंची पाहतात. पाहायची असते ती त्रिज्या. शाळेतला कंपास आठवा. ७ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा ४ फूट उंचीवर कापला, तर माथ्याशी चढ साधारण ६५ अंशांचा येतो. उलट ३ फूट त्रिज्या आणि उंचीही ३ फूटच असेल, तर माथ्याशी सरळ भिंत उभी राहते! म्हणजे बुटका रॅम्प उंच रॅम्पपेक्षा क्रूर निघू शकतो.

असे दोन बाक समोरासमोर ठेवून मध्ये सपाट जागा ठेवली की हाफ पाइप होतो. तीन ते सहा फुटांचा, माथा पूर्ण उभा न झालेला, तो मिनी रॅम्प. शिकण्यासाठी मला हाच सर्वांत भला वाटतो. इथे पाय जमिनीला न टेकवता वेग वाढवता येतो. कसा? आपल्या झोक्यासारखा. सपाटीवर गुडघे वाकवायचे, बाकावर चढताना ताठ व्हायचे. नागपंचमीला झोका चढवणाऱ्या मुलींना हे विज्ञान कुणी शिकवावे लागत नाही. सुरुवातीच्या हाफ पाइपांत मधली सपाटी नव्हती. ती आल्यावर खेळाडूला तोल सावरून पुढच्या कसरतीची तयारी करायला दोन क्षण मिळू लागले.

या बाकाचे मूळ कॅलिफोर्नियात आहे. १९७०च्या दशकात तिथे दुष्काळ पडला, घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले, आणि पोरे त्यांच्या गोलसर भिंतींवर बोर्ड घेऊन उतरली. आजचा बोल म्हणजे त्याच तलावाचा वारस. ऑलिंपिकच्या 'पार्क' प्रकारात असेच खोलगट मैदान असते. टोकियोत २०२१ साली तिथे जपानच्या कोकोना हिराकीने १२व्या वर्षी रौप्यपदक मिळवले. व्हर्ट रॅम्प तर अकरा-बारा फुटांच्या वर, शेवटचा टप्पा सरळ उभा. टोनी हॉकने १९९९मध्ये त्यावर हवेत अडीच गिरक्या घेतल्या. ते बघावे, घरच्या पोराला सांगू नये.

माथ्यावरून पहिल्यांदा खाली झेपावणे, याला ड्रॉप-इन म्हणतात. बोर्डाची शेपटी कडेच्या लोखंडी नळीवर दाबून उभे राहायचे आणि सगळे वजन पुढच्या पायावर टाकायचे. भीतीने माणूस मागे रेलतो. बोर्ड पुढे निसटतो आणि तो पाठीवर आपटतो. म्हणून ही गोष्ट दोन-तीन फुटांवर शिकावी, कुणीतरी हात धरलेला असताना.

आणि खेळ फक्त शहराचा नाही. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी २०१५मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी स्केटपार्क उभारला. नियम दोन: शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि मुली आधी. आदिवासी आणि यादव वस्त्यांतली मुले तिथे एकाच उतारावर आली. त्यांतली आशा गोंड २०१८मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचली.

बहिणीला मी सांगितले ते असे: हेल्मेट, मनगटपट्ट्या आणि गुडघ्यांना पॅड असल्याशिवाय पाठवू नकोस. आधी स्वतः जाऊन उतार जिथे जमिनीला मिळतो तिथे हात फिरव. सांधा बोटाला लागला तर चाकही अडणार. आणि रॅम्प ओला असेल, तर त्या दिवशी बोर्ड घरीच.