व्याधाच्या सोबत्याचे मापन

हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्राच्या आग्नेयेस व्याधाचा अत्यंत तेजस्वी तारा दिसतो. नुसत्या डोळ्यांना तो एकटा भासला तरी वस्तुतः ती ताऱ्यांची जोडी आहे. व्याध आकाशात सरळ न सरकता किंचित हेलकावे घेतो, यावरून त्यास अदृश्य सोबती असावा, असे अनुमान जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांनी १८४४ मध्ये काढले. ३१ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेत ऑल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क हे साडेअठरा इंची नव्या भिंगाची परीक्षा घेत असता तो सोबती त्यांना प्रथम दिसला.

अशा जोडीचे स्थान ठरविताना दोन्ही ताऱ्यांमधील अंतर आणि सोबत्याची दिशा उत्तरेशी करीत असलेला कोन मोजावा लागतो. त्यासाठी दुर्बिणीस सूक्ष्ममापक जोडून त्यातील एक बारीक तार मुख्य ताऱ्यावर ठेवतात व दुसरी स्क्रूने सरकवीत सोबत्यावर आणतात. हे काम किती नाजूक आहे याची कल्पना पुढील तुलनेवरून येईल. विवाहप्रसंगी दाखविल्या जाणाऱ्या वसिष्ठ व अरुंधती यांच्यात सुमारे १२ कलांचे अंतर आहे. व्याध व त्याचा सोबती यांच्यातील अंतर फार तर ११ विकला, म्हणजे त्याचा सुमारे साठावा भाग. १९९४ च्या सुमारास तर ते तीन विकलांच्या आत आले होते. शिवाय सोबत्याचे तेज व्याधाच्या जेमतेम दहा हजारावा भाग! गॅसबत्तीच्या काचेलगत बसलेला काजवा शोधण्यासारखेच हे होय.

रंगाच्या बाबतीत डोळा सहज फसतो. तेजस्वी ताऱ्याशेजारचा मंद तारा उगाच निळसर वा हिरवट वाटतो. म्हणून निरनिराळ्या रंगांच्या काचांतून तेज मोजून, किंवा प्रकाशाचा वर्णपट घेऊन, रंग ठरवितात. मंद तारा म्हणजे थंड व तांबडा, अशी समजूत होती. परंतु १९१५ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत ॲडम्स यांनी घेतलेल्या वर्णपटात हा सोबती पांढरा व तप्त आढळला.

येथे तिन्ही मापनांचा मेळ बसतो. एकाकी ताऱ्याचे वजन करणे फार कठीण असते. जोडीचे मात्र तिच्या भ्रमणावरून करता येते. ही जोडी सुमारे ५० वर्षांत एक फेरी पूर्ण करते व आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. त्यावरून सोबत्याचे वस्तुमान जवळजवळ सूर्याइतके निघते. इतका तप्त असूनही तो मंद दिसतो, तेव्हा त्याचा आकार लहानच असला पाहिजे. तो जेमतेम पृथ्वीएवढा आहे. त्याच्या एक घनसेंटिमीटर द्रव्याचे वस्तुमान दोन टनांहून अधिक भरते. अशा ताऱ्यांस श्वेत लघुतारे म्हणतात.

२०२२ च्या सुमारास या दोन ताऱ्यांमधील अंतर सर्वाधिक झाले. त्यामुळे पुढील काही वर्षे, हवा स्थिर असलेल्या रात्री व्याध आकाशात उंच आला असता, आठ-दहा इंची चांगल्या दुर्बिणीतून हौशी निरीक्षकांसही हा सोबती दिसू शकेल.