कामाची एटीव्ही : सस्पेन्शनची निवड आणि आडवाटेवरील अडचणी

शेतीची कामे, वनरक्षण आणि सीमाभागातील गस्त यांसाठी अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या चारचाकी एटीव्ही, म्हणजेच ऑल-टेरेन व्हेइकल, विकत घेताना ग्राहकाचे लक्ष सर्वप्रथम इंजिनाच्या ताकदीकडे जाते. आडवाटेवर वाहन कसे वागेल, हे मात्र बऱ्याच अंशी मागच्या चाकांच्या जोडणीवरून ठरते. ही चाके एकाच सरळ आसावर बसवलेली आहेत की प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होऊ शकते, या एका फरकावर प्रवासातील आराम, ओझे वाहण्याची क्षमता, देखभालीचा खर्च आणि उतारावरील स्थैर्य अवलंबून असते. यातील शेवटची बाब सर्वांत गंभीर आहे. ऑस्ट्रेलियातील शेतांवर होणाऱ्या अपघाती मृत्यूंच्या प्रमुख कारणांमध्ये या वाहनांची गणना होते. वाहन उलटून चालक त्याखाली दबला जाणे, हे त्या मृत्यूंमागचे नेहमीचे कारण आहे.

या वाहनाची सुरुवात सस्पेन्शनशिवायच झाली. हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री मंदावत असे. त्या काळात अमेरिकी विक्रेत्यांच्या हाती विकण्याजोगे काही असावे, या हेतूने होंडा कंपनीने १९७० मध्ये तीन चाकांचे एक वाहन बाजारात आणले. त्याला ना स्प्रिंग होती, ना शॉक अ‍ॅब्सॉर्बर. अतिशय कमी हवेचे फुगीर टायर हेच त्याचे सस्पेन्शन. १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या जेम्स बॉण्डपटात हे वाहन झळकले आणि ते खेळणे म्हणून लोकप्रिय झाले. पुढे अपघातांची संख्या वाढली. अखेर १९८८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार कंपन्यांनी तीनचाकी एटीव्हींची विक्री थांबवली. तोवर चारचाकी एटीव्ही रुळल्या होत्या आणि १९८६ मध्ये होंडाने चारही चाकांना शक्ती देणारे मॉडेल आणले होते. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असणे हळूहळू नेहमीचे झाले. खरा वाद उरला तो मागच्या चाकांचा. १९९६ मध्ये पोलारिस कंपनीची स्पोर्ट्समन ५०० स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनसह आली आणि तिने या वादाला तोंड फोडले. २००२ मध्ये यामाहाच्या ग्रिझली ६६० ने आणि २००३ मध्ये होंडाच्या रिंकनने तीच वाट धरली. तरीही सरळ आसाची वाहने बाजारातून गेली नाहीत. होंडाने रँचर मालिकेत तर दोन्ही प्रकार उपलब्ध ठेवले.

सरळ आसाची रचना समजण्यास सोपी आहे. दोन्ही मागची चाके एका दांड्याच्या दोन टोकांना घट्ट बसवलेली असतात आणि हा दांडा एका झुलत्या बाहूच्या साहाय्याने वर-खाली होतो. बैलगाडीच्या आसाशी त्याचे साम्य आहे. फरक एवढाच की बैलगाडीत आस स्थिर असतो आणि चाके त्याभोवती फिरतात, तर येथे आस स्वतःच फिरतो. त्यामुळे दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरावे लागते. वळताना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापायचे असते, पण त्याला तशी मुभा नसते. परिणामी वाहन सरळच पुढे जाऊ पाहते आणि चालकाला वजन झुकवून ते वळवावे लागते. एक चाक दगडावर चढले की दुसऱ्या बाजूलाही हिसका बसतो. चाकोऱ्या पडलेल्या वाटेवर आसाच्या मध्यभागी असलेली गिअरची पेटी दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला घासते. सायंकाळपर्यंत चालकाच्या कमरेला या सर्वांचा हिशेब चुकवावा लागतो.

असे असूनही अनेक शेतकरी सरळ आसच पसंत करतात आणि त्यामागे सबळ कारणे आहेत. मागे ओझे ठेवले तरी आसाखालची मोकळी जागा कमी होत नाही, कारण ती केवळ टायरच्या उंचीवर अवलंबून असते. वळणावर आणि आडव्या उतारावर वाहनाचा मागचा भाग कमी झुकतो. झिजणारे सुटे भाग मोजके असतात. वर्षानुवर्षे चिखलात राबणाऱ्या वाहनासाठी हा शेवटचा गुण किरकोळ मानता येणार नाही.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये गिअरची पेटी वाहनाच्या सांगाड्याला जोडलेली असते. तिच्यापासून प्रत्येक चाकाकडे वेगळा छोटा दांडा जातो आणि चाक आपापल्या बाहूंवर वर-खाली होते. सरळ आसाच्या अनेक मॉडेल्समध्ये मागच्या चाकाला सुमारे ६ ते ७ इंच हालचाल मिळते, तर स्वतंत्र रचनेत ती ९ ते १० इंचांपर्यंत जाते. पोटाखालची जागा मोकळी राहते, एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि खडकाळ चढावर चारही चाके जमिनीला धरून राहतात. याविषयी एक गैरसमज मात्र सर्रास आढळतो. स्वतंत्र सस्पेन्शन म्हणजे मागे डिफरन्शियल असणारच, असे नाही. या वर्गातील कित्येक वाहनांत चाके स्वतंत्रपणे वर-खाली होतात, पण फिरतात एकाच गतीने.

या आरामाची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली ओझ्याखाली. मागच्या रॅकवर वजन ठेवताच स्प्रिंगा दबतात, मागचा भाग बसतो आणि जाहिरातीत दिलेली मोकळी उंची प्रत्यक्षात उरत नाही. पुढची चाके हलकी होऊन हँडल सैल वाटू लागते. अशा वेळी शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरील खाचांची कडी फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवावी, असे सांगितले जाते. सल्ला योग्य आहे, परंतु त्याने स्प्रिंग कडक होत नाही. दर इंच दाबण्यासाठी लागणारे बळ पूर्वीइतकेच राहते, केवळ वाहनाची बैठक उंच होते. चालक बसल्यावर एकूण हालचालीचा पाव ते एक तृतीयांश भाग दबलेला असावा, हा ढोबळ नियम आहे. शेवटच्या खाचेपर्यंत नेऊनही वाहन त्यापेक्षा खाली बसत असेल, तर कडीचे काम संपले. तेथे अधिक ताकदीची स्प्रिंग हवी किंवा ओझे तरी कमी हवे.

ओझ्याची मर्यादा निर्मात्यांनी ठरवून दिलेली असते. होंडाच्या रँचरवर पुढे सुमारे ३० आणि मागे सुमारे ६० किलो, तर पोलारिसच्या स्पोर्ट्समनवर पुढे सुमारे ४० आणि मागे सुमारे ८० किलो वजन ठेवता येते. एकूण वजनाइतकेच महत्त्व त्याच्या उंचीला आहे. रॅकवर उभे रचलेले सामान गुरुत्वमध्य वर नेते. फवारणीची टाकी याहून फसवी असते. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा हलकी खरी, पण वाहन तिरके होताच आतले द्रव उताराच्या बाजूला धावते आणि नको त्या क्षणी नको त्या बाजूला भार टाकते.

किमतीचा दुसरा भाग उतारावर दिसतो. स्वतंत्र सस्पेन्शनचे वाहन आडव्या उतारावरून जात असताना खालच्या बाजूच्या स्प्रिंगा अधिक दबतात आणि वरच्या बाजूच्या सुटतात. जमीन जितकी तिरकी, त्याहून वाहनाचे अंग अधिक तिरके होते. हा झुकाव आवरण्यासाठी दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार बसवला जातो. खडकांवर चाके अधिक मोकळी हलावीत म्हणून काही हौशी चालक तो काढून टाकतात. खडकाळ वाटेवर त्याचा लाभ होतो, हे खरे. परंतु तेच वाहन नंतर डोंगरउतारावर कामाला नेले जाणार असेल, तर हा बदल धोकादायक ठरतो. या वाहनांचे वजन साधारणतः ३०० किलोच्या आसपास असते. चालकाचे वजन त्याच्या पाव भागाएवढे भरते. म्हणून त्याने चढाच्या बाजूला झुकणे हा स्थैर्याचाच भाग मानला जातो, आणि मागे दुसऱ्या व्यक्तीला बसवले की ही हालचालच अडते.

ऑस्ट्रेलियाने या प्रश्नावर कायद्याने उपाय शोधला. २०१९ मध्ये तेथे सुरक्षा मानक जाहीर झाले. ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक वाहनावर ते किती अंशांवर कलंडते हे दर्शवणारी पट्टी बंधनकारक झाली. ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या वाहनांना, चालक दबू नये यासाठी मागे संरक्षक कमान लावणे सक्तीचे झाले. तसेच किमान २८.८ अंशांपर्यंत वाहन बाजूला कलंडता कामा नये, अशी अटही घालण्यात आली. होंडा, यामाहा आणि पोलारिस यांनी हे मान्य न करता तेथील या वाहनांची विक्री बंद केली. कमानीमुळे नवे धोके उद्भवतील, असा त्यांचा आक्षेप होता. २८.८ अंशांचा आकडा चाचणीच्या सपाट फळीवरचा आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते. ओल्या गवतात दडलेला एखादा खड्डा किंवा वरच्या चाकाखाली आलेला दगड वाहनाला याच्या कितीतरी आधी कलंडवू शकतो.

अमेरिकेत या वाहनांचा आणखी एक मोठा उपयोग जंगलवाटांवरील भ्रमंतीसाठी होतो. वेस्ट व्हर्जिनियातील २००० मध्ये खुले झालेले हॅटफिल्ड-मॅकॉय वाटांचे जाळे आणि युटा राज्यातील पायूट वाट ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. तेथील वनसेवेच्या अनेक वाटांवर ५० इंचांपेक्षा रुंद वाहनांना प्रवेश नसतो. सस्पेन्शनची हालचाल वाढवायची तर बाहू लांब करावे लागतात आणि बाहू लांब केले की वाहन रुंद होते. म्हणून रुंदी राखून उंची वाढवणारे संच आणि मोठे टायर यांकडे अनेकांचा ओढा असतो. त्यामुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे, म्हणजे सीव्ही जॉइंट, तीव्र कोनात फिरू लागतात. मूळ उंचीवर दीर्घकाळ टिकणारे हे सांधे मग लवकर तुटतात.

या सांध्यांवरील रबरी आवरण हे स्वतंत्र सस्पेन्शनचे सर्वांत नाजूक स्थान म्हणावे लागेल. काटक्यांनी त्याला लहानसा छेद पडला तरी आतले ग्रीस बाहेर येते, वाळू व पाणी आत जाते आणि थोड्याच दिवसांत वळताना कटकट असा आवाज येऊ लागतो. आवरण फाटल्याचे वेळीच लक्षात आले तर ते बदलून भागते. आवाज येऊ लागल्यानंतर सांधाच बदलावा लागतो.

सस्पेन्शनला दिला जाणारा दोष कित्येकदा टायरचा असतो. मोटारीच्या टायरमध्ये ३० पीएसआयहून अधिक दाब असतो, तर एटीव्हीत तो साधारण ४ ते ७ पीएसआय. येथे दोन पीएसआयचा फरकही मोठा ठरतो. हवा जास्त असेल तर वाहन उसळते, कमी असेल तर दगडावर आदळून टायर रिमवरून सुटतो, आणि दोन्ही बाजूंची हवा असमान असेल तर वाहन एका बाजूला ओढते. पेट्रोल पंपावरील दाबमापक इतका कमी दाब नीट दाखवत नाही. त्यासाठी वेगळा मापक लागतो.

पाण्यातून जाताना पट्ट्यावर चालणाऱ्या वाहनांचा पट्टा भिजून घसरतो आणि इंजिन गुरगुरत असतानाही वाहन जागचे हलत नाही. होंडाची बहुतांश कामाची मॉडेल्स गिअरवर चालत असल्याने त्यांना हा त्रास होत नाही. मात्र गिअरच्या पेटीत पाणी शिरण्याची शक्यता सर्वच वाहनांत असते. तेल दुधाळ दिसू लागले तर ते त्वरित बदलणे आवश्यक असते. चिखलातून आल्यावर इंजिन तापत असेल तर बहुधा रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळलेला असतो. तो आतून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा लागतो. जोराच्या फवाऱ्याने जाळी वाकते.

भारतात यातील बहुतेक वाहनांना सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी मिळत नाही. तरीही कच्छच्या रणात सीमा सुरक्षा दल गस्तीसाठी एटीव्ही वापरते, आणि अलिबाग, नागाव यांसारख्या कोकणातील किनाऱ्यांवर पर्यटकांना त्यावरून फेरी मारता येते. दोन्ही ठिकाणी खडकांपेक्षा मिठाचा त्रास मोठा असतो. खारट चिखल सस्पेन्शनच्या बाहूंच्या खिळींमध्ये आणि रबरी बुशांमध्ये साचतो, आतला भाग गंजतो आणि चाक डगमगू लागते. वाहन उचलून चाक वरून व खालून धरून हलवले तर ही ढिलाई हाताला जाणवते. दिवसाचे काम संपताच गोड्या पाण्याने धुणे आणि बाहूंच्या सांध्यांत नवे ग्रीस भरणे, एवढ्यावर तेथील सस्पेन्शनचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते.