१६६६ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मराठी माणसाला १६६६ हे साल आग्र्यामुळे तोंडपाठ असतं. त्याच साली लंडन जळालं, न्यूटन गुरुत्वाकर्षणाच्या कोड्याला भिडला आणि शाहजहानने शेवटचा श्वास घेतला. या घटनांभोवती सांगोवांगीचं बरंच काही जमलं आहे. घटना कधी घडली, कुठे घडली आणि ती कुणी लिहून ठेवली, एवढं तपासलं तरी त्यातलं पुष्कळसं गळून पडतं.

गैरसमज : शिवाजी महाराज औरंगजेबाला दिल्लीच्या लाल किल्ल्यात भेटले.

वस्तुस्थिती : दरबार आग्र्याला भरला होता. औरंगजेबाने बापाला, म्हणजे शाहजहानला, १६५८पासून आग्र्याच्या किल्ल्यात नजरकैदेत ठेवलं होतं. जानेवारी १६६६मध्ये शाहजहान वारला आणि त्यानंतर औरंगजेब आग्र्याला आला. १२ मे रोजी, त्याच्या वाढदिवसाच्या समारंभात, ही भेट झाली. दोन्ही शहरांत लाल दगडाचे किल्ले असल्यामुळे हा घोळ होतो.

गैरसमज : महाराजांनी भर दरबारात बादशहाला तोंडावर सुनावलं.

वस्तुस्थिती : त्या दिवसाचं जवळून केलेलं वर्णन आंबेरच्या नोकरीतल्या माणसांनी लिहिलेल्या राजस्थानी पत्रांत मिळतं. महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं होतं. अपमानाच्या संतापाने त्यांचे डोळे भरून आले. ते बादशहाच्या नजरेस आलं, तेव्हा त्याने मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याला चौकशी करायला पाठवलं. महाराजांनी जे सुनावलं ते रामसिंगाला. मनसब झिडकारून त्यांनी बादशहाकडे पाठ फिरवली. रामसिंगाने हात धरला, तो हिसडून ते बाजूला जाऊन बसले. मुघल दरबारात बादशहाला पाठ दाखवणं हे कुठल्याही संवादापेक्षा मोठं धाडस होतं. नाटक-सिनेमातल्या पल्लेदार वाक्यांची त्याला गरज नाही.

गैरसमज : महाराज किल्ल्याच्या अंधारकोठडीतून निसटले आणि परतताच मुघलांवर तुटून पडले.

वस्तुस्थिती : ते कोठडीत नव्हते. रामसिंगाच्या निवासाजवळच त्यांचा मुक्काम होता आणि भोवती शहर कोतवाल फौलादखानाचा कडक पहारा बसवला होता. नऊ वर्षांचे संभाजीराजे बरोबर होते. १७ ऑगस्टला महाराज तिथून निसटले. परतल्यावर मात्र त्यांनी घाई केली नाही. मुघलांशी तह केला, राज्याची घडी बसवली आणि पुरंदरच्या तहात गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम १६७०मध्ये जोरात उघडली. सुटकेइतकंच हे थांबणंही मुत्सद्देगिरीचं होतं.

गैरसमज : लंडनच्या आगीने प्लेगची साथ संपवली.

वस्तुस्थिती : आग २ सप्टेंबरच्या पहाटे पुडिंग लेनमधल्या टॉमस फॅरिनरच्या बेकरीत लागली. हा दिनांक इंग्लंडच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाचा आहे. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च खाक झाली. सेंट पॉल कॅथीड्रलला दुरुस्तीसाठी लाकडी परांची बांधलेली होती. तिने पेट घेतला आणि छपराचं शिसं वितळून रस्त्यावर वाहू लागलं. पण प्लेगचा कहर १६६५चा. तो आगीच्या आधीच ओसरत आला होता आणि फेब्रुवारी १६६६मध्ये राजा दुसरा चार्ल्स लंडनला परतलाही होता. शिवाय प्लेगने सर्वाधिक पोळलेल्या, तटाबाहेरच्या गरीब वस्त्यांपर्यंत आग फारशी पोचलीच नाही.

गैरसमज : ही आग परकीयांनी मुद्दाम लावली.

वस्तुस्थिती : इंग्लंडचं तेव्हा डच आणि फ्रेंचांशी युद्ध चालू होतं, त्यामुळे संशयाला वेळ लागला नाही. रॉबर्ट ह्यूबर्ट या फ्रेंच घड्याळजीने भ्रमिष्टासारखा कबुलीजबाब दिला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला फाशी झाली. आग लागली तेव्हा तो लंडनमध्ये नव्हताच. त्याचं जहाज दोन दिवसांनी पोचलं, हे पुढे उघड झालं. तरीही आगीच्या स्मारकस्तंभावर १६८१मध्ये कॅथलिकांना दोषी ठरवणारा मजकूर कोरला गेला. तो कायमचा पुसायला १८३० साल उजाडावं लागलं.

गैरसमज : डोक्यावर सफरचंद पडलं आणि न्यूटनला गुरुत्वाकर्षण सापडलं.

वस्तुस्थिती : प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडलं आणि न्यूटन वुल्सथॉर्पच्या घरी गेला. सफरचंद पडताना पाहून विचार सुरू झाला, असं त्याने म्हातारपणी विल्यम स्टकलीला सांगितलं. डोक्यावर पडल्याचं त्यात नाही. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत गणितासह ‘प्रिन्सिपिया’त आला तो १६८७मध्ये. एका क्षणाची गोष्ट ऐकायला छान वाटते, पण मधली वीस वर्षं मेहनतीची होती.

इतिहासातली चुकीची समजूत दर वेळी निरुपद्रवी नसते, हे ह्यूबर्टच्या फाशीवरून दिसतं. म्हणून मुलांना १६६६ची गोष्ट रंगवून जरूर सांगा. सोबत ती आपल्याला कशी कळली, कुणाच्या पत्रातून, कुणाच्या आठवणीतून, हेही सांगा. पुढची ऐकीव गोष्ट ती मुलं आपणहून तपासून घेतील.